जनावराचं भोक

लाल टोपी. एकच.

घारीने उचलून नेलेला चेंडू.

मैदानावर माझी सात वर्षं, नावेदचे सात महिने.

"काशिराम, तू बॅग धर. नावेद, तू सांग."

हे शेवटचं दिनानाथ सरांचं. पनवेलजवळच्या आमच्या गोल्फ मैदानाचे ते सेक्रेटरी. २०१४ च्या डिसेंबरात मोठी स्पर्धा होती. अडलेल्या चेंडूचा निकाल द्यायला खेळाडूंच्या बॅगा उचलणाऱ्या आम्हा कॅडींमधून एकाला लाल टोपी मिळणार होती. मला ती हवी होती. इतकी, की नावेदची इस्त्रीची कॉलर दिसली तरी माझ्या पोटात दुखायचं.

नावेद दुबईत वाढलेला. नियमांचं पुस्तक कायम खिशात. घारीने चेंडू नेला तर दंड नाही, होता तिथे दुसरा ठेवायचा, हे मला त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. पण माझं तोंड उघडेपर्यंत त्याचं पान उघडलेलं असायचं.

त्या सकाळी सरांचा चेंडू सातव्या होलच्या बांधाकडे गेला. मी पुढे जाऊन पाहिलं. बिळात. तोंडाशी ताजी कात.

"जनावराचं भोक हाय!" मी ओरडलो.

नावेद आला. "कुठलं जनावर, काशिरामभाऊ? कुत्र्याने उकरलं असेल तर सूट नाही."

आमच्याकडे जनावर म्हणजे साप. त्याचं नाव कुणी घेत नाही. दुबईत हे कोण शिकवणार? कात माझ्या बुटाखाली गेली होती. चुकू दे. सरांसमोर चुकू दे.

"कुत्रंच ना?"

"तूच सांग, पुस्तकवाल्या."

"सूट नाही, सर. एका फटक्याचा दंड घेऊन उचलावा लागेल." तो गुडघ्यावर बसला, बाही वर सारली आणि बिळात हात घालू लागला.

मनगट आत गेलं. मनातल्या मनात मी टोपी घातलीसुद्धा.

कोपर.

"हात काढ! साप हाय, साप!"

तो मागे कोसळला, पांढराफटक. मी बूट उचलला. सरांनी कात पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नावेदने पान उलटलं.

"सापाचं बीळ. दंड नाही, सर. एका गोल्फ-काठीच्या अंतरात चेंडू टाका."

"शाब्बास," सर म्हणाले. त्याला.

टोपी त्याला सैल होत होती. मागून घट्ट कशी करायची, हे त्याने मलाच विचारलं. मी करून दिली.

नंतर कळलं, बांधावरचं गवत कापणाऱ्या शुक्राने त्या बिळातली बिनविषारी धामण दोन दिवस आधीच पोत्यात घालून कर्नाळ्याच्या रानात सोडली होती.