अकरा नंबरचं झाकण

पैलवानाने पहार अडकवली, दम धरला आणि अकरा नंबरचं झाकण बाजूला सरकवलं. बाईंनी नळी आत सोडली. सकाळचे साडेसात, घरोघरी नळ सुरू असण्याची वेळ; खालून सांडपाणी जोरात वाहत होतं. बाटली भरेपर्यंत बाई समोरच्या इमारतीकडे बघत राहिल्या. दुसरा मजला, हिरवा पडदा.

"बाई, बाटली भरून वाहतेय," पैलवान म्हणाला. "दर मंगळवारी इथंच कुठे हरवता?"

"तू झाकणाकडे बघ."

"झाकण कुठं पळून चाललंय?"

पैलवान हे नाव त्याला थट्टेने पडलं होतं. अंगाने नुसती काडी, पण कुठलंही झाकण एका दमात उचलायचा. बाई प्रयोगशाळेत होत्या. घरगुती रसायनं माणसांच्या अंगात किती जातात, ते वस्तीच्या सांडपाण्यावरून शोधायचं त्यांचं काम. डासांच्या औषधाची वाफ श्वासातून आत गेली की तिचा अंश लघवीवाटे बाहेर पडतो, आणि सगळ्या गल्लीचा तो अंश एका झाकणाखाली येतो. कुणाच्या घरातला किती, ते मात्र कळत नाही. कळून घ्यायचंही नाही, असा नियम. वीस वर्षं बाईंनी तो पाळला होता आणि प्रत्येक नव्या माणसाकडून पाठ करून घेतला होता.

पण त्या हिरव्या पडद्यामागे त्यांची मुलगी राहत होती.

वडील गेल्यानंतरच्या एका भांडणात ती दारात उभी राहून म्हणाली होती, "शहरभरच्या लोकांचं पाणी कळतं तुला. घरातलं माणूस कळत नाही." मग जिना उतरली ती उतरलीच. त्याला तीन वर्षं झाली. मुलीचा पत्ता आणि पुढे नात झाल्याची बातमी, दोन्ही नणंदेकडून समजलं. बोलणं तिने तोडलंय तर तिनेच जोडावं, म्हणून बाईही अडून बसल्या. एवढंच केलं, की नमुन्यांच्या जागा ठरवताना अकरा नंबरचं झाकण यादीत घातलं. खालचा आवाज ऐकला की वाटायचं, आत्ता तिने भांडी विसळली, आत्ता नातीला अंघोळ घातली. शुद्ध वेडेपणा होता. तरी मंगळवार उजाडायची त्या वाट बघायच्या.

गुरुवारी निकाल आला. डासांच्या औषधाचा आकडा अकरा नंबरला बाकीच्यांच्या तिप्पट. बाईंनी पुन्हा तपासलं, मग तिसऱ्यांदा तपासलं. आकडा हलला नाही.

"अहवाल पुढच्या महिन्यात जाईल," साहेब म्हणाले. "तेव्हा सगळ्यांना एकदमच सांगू. तोवर कुणापाशी ब्र काढायचा नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्या डबा समोर ठेवून नुसत्या बसल्या. दीड वर्षाचं पोर, आणि अजून एक महिना.

"उघडा की बाई," पैलवान म्हणाला. "का त्याचंही झाकण मीच काढू?"

बाई उठल्या, सामानाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मुलीचा फोन नंबर पाठच होता.

"आई?"

काय बोलायचं ते ठरवून ठेवलेलं सगळं निसटलं. "खोलीत डासांचं मशीन लावता का गं?"

"तीन वर्षांनी फोन केलास, तो डासांसाठी?"

"लावत असलीस तर बंद कर. बाळाला मच्छरदाणीत निजव. तुमच्या गल्लीचा आकडा वाईट आलाय. हे तुला सांगायला नको होतं मी."

"कुठल्या गल्लीचा?"

बाईंनी गल्ली सांगितली, इमारत सांगितली. हिरवा पडदाही सांगून बसल्या.

"अगं आई, ते घर सोडून वर्ष झालं. आत्याला मीच म्हटलं होतं, तुला सांगू नकोस."

बाई एका खोक्यावर बसल्या. वर्षभराचे मंगळवार. कुणाची भांडी, कुणाच्या लेकराची अंघोळ!

"मग आता कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागे. शाळेच्या कुंपणाला लागून."

सगळ्या शहराच्या वाहिन्या बाईंच्या डोक्यात होत्या. टाकीमागचा उतार, शाळेचं वळण, तिथून खाली, खाली, थेट त्यांच्या स्वतःच्या घरासमोरचं झाकण. रोज कामावर निघताना त्या त्याच्यावर पाय देऊन जायच्या. तिथला नमुना घ्यावा असं कधी मनातही आलं नव्हतं.

"तिथलं पाणी आपल्या दारावरून जातं," त्या म्हणाल्या.

"माहितीये," मुलगी म्हणाली. "लहानपणी बोट धरून एकेक झाकण तूच दाखवलं होतंस. ते बघूनच घर घेतलं."

मागे बाळ काहीतरी बडबडत होतं. दोघीही ते ऐकत राहिल्या.

दुपारी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. आपण नियम मोडल्याचं सांगितलं, आणि अकरा नंबरच्या गल्लीतल्या लेकरांनी महिनाभर का थांबायचं, यावरून तासभर भांडल्या. संध्याकाळी घरासमोर येऊन किल्ली काढली, पण दाराकडे गेल्या नाहीत. झाकणापाशी क्षणभर उभ्या राहिल्या. मग किल्ली परत पिशवीत टाकली आणि पाणी जिकडून येतं, त्या बाजूला चढ चढू लागल्या.