धूर नाही, वाफ

नागीण बरी झाली, पण जाताना आपली आग यतीनच्या उजव्या कुशीत ठेवून गेली. फोड सुकले, खपल्या पडल्या, डाग फिकट झाले, आणि आतल्या मज्जातंतूंना मात्र कोणी सांगितलंच नाही की आता पुरे. सदऱ्याचं कापड नुसतं घासलं तरी तो कळवळायचा. मार्चच्या डच थंडीत, आइंडहोवनच्या त्यांच्या घरात, पन्नाशी उलटलेला हा इंजिनियर उघडाबंब बसून ऑफिसच्या मीटिंगा करायचा. अर्थात कॅमेरा बंद ठेवून.

संपदाला त्याचं दुखणं बघवत नव्हतं, आणि त्याचं मुकाट सोसणं तर त्याहून बघवत नव्हतं. दोन शिव्या दिल्या असत्या, भांडी आपटली असती, तर तिलाही चार शब्द बोलता आले असते. पण हा माणूस म्हणजे दुखण्याचीसुद्धा नोंद घेणार: आज काल‌पेक्षा थोडं कमी, आज जरा जास्त. चिप बनवणाऱ्या यंत्रांमध्ये आयुष्य गेलं की माणूस असा होतो. मोजता येतं ते खरं, बाकी सगळं तुमचं मत.

त्यात मागच्या शुक्रवारी आर्याचं ते झालं. आर्या त्यांची एकुलती एक, युट्रेख्टला औषधशास्त्र शिकते. दर शुक्रवारी घरी आली की आधी बाबाच्या गळ्यात पडायचं, मग बॅग ठेवायची, ही तिची शाळेपासूनची रीत. दुखणं सुरू झाल्यापासून बिचारी दारातूनच हात हलवायची. त्या दिवशी विसरली, धावत येऊन मिठी मारली, आणि यतीन ओरडला. असा ओरडला की पोर भिंतीपर्यंत मागे सरकली. मग दोघंही एकमेकांना "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली आणि संपदा पोळ्या लाटत रडली.

गोळ्या सगळ्या झाल्या होत्या. एकीनं झोप यायची पण आग जायची नाही, दुसरीनं आगही जायची नाही आणि वर जिभेचं लाकूड व्हायचं. शेवटी पेन क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी गांजा लिहून दिला. हो, गांजाच. रीतसर चिठ्ठीवर, अपोटेकमधून म्हणजे औषधांच्या दुकानातून, खोकल्याच्या औषधासारखा डबीत भरून मिळणारा.

"जाळून ओढायचा मात्र नाही," बाईंनी बजावलं होतं. "जाळला की औषधाबरोबर डांबरही छातीत जातं. या यंत्रात घालून नुसता तापवा. पेटत नाही, वाफ होते. ती घ्या."

यंत्र चष्म्याच्या डबीएवढं होतं. ते आणि गांजाची डबी आठवडाभर देवघरासमोरच्या टेबलावर तशीच पडून राहिली. यतीन हात लावेना.

शेजारच्या योपला हे कळलं तेव्हा तो कुंपणावरून हसला. योप निवृत्त बस ड्रायव्हर, सल्ला द्यायला सदा तयार. "यंत्रबिंत्र कशाला? थोडी तंबाखू घाल, कागदात वळ, दोन झुरके मार आणि झोप," असं म्हणून त्यानं विडीच्या कागदांचं पाकीटच यतीनपुढे धरलं. यतीननं ते घेतलं नाही, पण नाकारायलाही त्याला वेळ लागला. त्याची बोटं आपोआप हलली होती. संपदानं ते पाहिलं.

कारण ही बोटं एके काळी तरबेज होती. या देशात नवा आला तेव्हा यतीन सुट्या तंबाखूची सिगरेट वळायचा, एका हातानं, सायकल चालवता चालवता. मग आर्या दोन महिने आधीच जन्मली. मुठीएवढी पोर, काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तयार नाहीत, काही सांगता येत नाही. यतीन खाली सायकलींच्या शेडमध्ये गेला, तंबाखूचं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि गुहागरच्या व्याडेश्वराला हात जोडून म्हणाला, "माझी पोर घरी येऊ दे. पुन्हा या छातीत धूर जाणार नाही."

पोर घरी आली. एरवी मोजल्याशिवाय काही न मानणाऱ्या या माणसानं तो नवस असा पाळला की दिवाळीत अंगणात फुलबाज्या लावल्या तरी तो श्वास धरून उभा राहायचा. लोक हसायचे. संपदा नाही हसली कधी.

"अरे, पण हा धूर नाहीये," तिनं आठवडाभरात कितीदा सांगितलं. "सर्दी झाली की आपण वाफारा घेतो की नाही? तसंच समज."

"वाफारा पाण्याचा असतो," यतीन म्हणायचा. "हे पान आहे. पान तापवलं की काय निघतं, ते मला माहीत नाही."

"मग माहिती करून घे!"

हे बोलायला नको होतं. शुक्रवारी दुपारी त्यानं खरंच माहिती करून घ्यायची योजना मांडली.

त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, छताला, एक रोकमेल्डर होता. धुराचा वास लागला की बोंब मारणारी ती पांढरी बशी. इकडच्या मराठी बायका नवऱ्याला एक वेळ ओळखणार नाहीत, पण रोकमेल्डरला पुरत्या ओळखून असतात. फोडणी जरा चढली की तो सुरू. म्हणून हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची शॉवर कॅप संपदानं मसाल्याच्या खणात ठेवलेली. मिरच्या तळायच्या आधी ती कॅप बशीवर चढवायची. आर्या लहान असताना ते काम तिचं. संपदानं नुसतं "टोपी!" म्हणायचा अवकाश, पोरगी स्टुलावर.

"धूर आहे की नाही, हे सांगायला बनवलेलं उपकरण घरात आहे," यतीन म्हणाला. "मी त्याच्या बरोबर खाली बसतो. वाजला तर धूर. मग विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. नाही वाजला तर वाफ, आणि मी घेईन."

संपदानं वर बशीकडे पाहिलं. यतीननं उभ्या जन्मात भात केला नव्हता. त्याला काय ठाऊक, की हा मेला कुकरच्या वाफेलाही ओरडतो! त्या बशीला धूर आणि वाफ यातला फरकच कळत नाही. पण हे आता सांगावं, तर यतीन दुसरं काहीतरी मोजायला काढणार आणि तोवर असाच उघडा कुडकुडत बसणार.

यतीननं आधी उपकरणाची परीक्षा घेतली. देवाजवळची उदबत्ती पेटवून वर धरली. रोकमेल्डर लगेच किंचाळला. "चालू आहे," तो समाधानानं म्हणाला.

"थांब, मी बंद करते," म्हणून संपदा स्टुलावर चढली. बटण दाबलं. आणि बटण दाबता दाबता मागची चौकोनी बॅटरी काढून तिनं एप्रनच्या खिशात टाकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला फसवायची तिची ही पहिलीच वेळ होती आणि ते इतकं सोपं निघालं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

यतीननं चिमूटभर गांजा यंत्रात भरला, एकशे ऐंशी अंशांवर लावला, छताकडे एकदा बघितलं आणि श्वास ओढला. सोडला तेव्हा तोंडातून पांढरट, अगदी विरळ काहीतरी निघालं आणि वर जाऊन विरलं.

रोकमेल्डर गप्प.

"वाफ," यतीन म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "संपदा, वाफच आहे गं."

थोड्या वेळानं तो खुर्चीत मागे टेकला. किती महिन्यांनी टेकला! मग आत गेला आणि सदरा घालून आला. निळा, उभ्या रेघांचा. "आग आहे," तो म्हणाला, "पण शेजारच्या घरात लागल्यासारखी." संपदाला त्याला कडकडून भेटावंसं वाटलं. ती चहा ठेवायला पळाली.

संध्याकाळ झाली, आर्या आली नाही. बाहेर वारा सुटला होता, पाऊस आडवा मारत होता. युट्रेख्टची गाडी केव्हाच आलेली, स्टेशनवरून घर सायकलनं जवळच. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद.

"येईल गं," सदऱ्यातला यतीन म्हणाला. "वाऱ्यात सायकल चालत नाही."

संपदा खिडकीशी उभी राहिली. एप्रनच्या खिशातली बॅटरी तिच्या हाताला लागत होती. ती शिकलेली बाई होती, ब्रेडा शहरातल्या एका ऑफिसात हिशेब बघायची, नवसाबिवसाला तिनं कधी फारशी किंमत दिली नव्हती. पण ओल्या रस्त्यावरून एक ॲम्ब्युलन्स कोकलत गेली, आणि तिच्या मनात आलं, नवस त्याचा, मोडला आपण, आणि भरायचं कोणी? तिनं बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

"मी काढली होती. तो वाफेलाही वाजतो, यतीन. मला माहीत होतं. मला तुझं बघवत नव्हतं रे."

यतीन बॅटरीकडे बघत राहिला. रागावला नाही, हेच वाईट. चेहऱ्यावरचा रंग तेवढा उतरला. तोही खिडकीशी आला आणि दोघं रस्त्याकडे बघत उभी राहिली, त्या काचेच्या पेटीसमोर उभी असायची तशी.

मग फाटक वाजलं. आर्या सायकल ढकलत आत आली, नखशिखान्त भिजलेली. "टायर पंक्चर, फोन डेड, अँड धिस स्ट्युपिड विंड," म्हणत तिनं बूट काढले, आणि वर बघते तर आईबाप भूत पाहिल्यासारखे. "व्हॉट? काय झालं?"

संपदानं रडत रडत सगळं सांगितलं. नवसाची गोष्ट आर्याला माहीत होती, लहानपणापासून ऐकलेली. बॅटरीपाशी आल्यावर ती फस्सकन हसली आणि बापाचा चेहरा बघून थांबली.

"बॅटरी घाल," यतीन म्हणाला. "मला खरं काय ते बघू दे."

बॅटरी घातली. यतीननं यंत्र पुन्हा तापवलं, श्वास घेतला, सोडला. क्षणभर काही नाही. मग रोकमेल्डर असा बोंबलला की योपचं कुत्रं पलीकडे भुंकायला लागलं. संपदानं चढून बटण दाबलं. यतीननं यंत्र टेबलावर ठेवलं आणि सदऱ्याचं वरचं बटण काढायला लागला.

"बाबा, तो फक्त बारीक कण बघतो," आर्या म्हणाली. "इट नोज नथिंग. जाळलं की टार होतं, कार्बन मोनॉक्साइड होतं. इथे काही जळलंच नाही. बघ, पान ब्राऊन झालंय, राख नाहीये." तिनं यंत्र उघडून त्याच्यासमोर धरलं. खरंच, तांबूस झालेला चुरा होता, भाजलेल्या ओव्यासारखा.

यतीननं पाहिलं, मान हलवली. पण हात बटणावरच. "आणि तुला काही झालं तर?"

"तर मी हेल्मेट घालत नाही म्हणून होईल."

कोणी हसलं नाही. आर्या त्याच्यासमोर जमिनीवर बसली. एरवी घरात इंग्रजी-डचमध्ये उत्तरं देणारी ही मुलगी आता एकेक मराठी शब्द शोधून बोलायला लागली.

"देवाकडे काय मागितलं होतं?"

"तू घरी यावीस म्हणून."

"मग मी आली ना घरी? दर शुक्रवारी येते. आणि माझा बाबा मला दारातच थांबवतो." तिनं ओल्या बाहीनं नाक पुसलं. "तो नवस माझा आहे, बाबा. मी आली. आता तू पण ये ना."

यतीनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं पुसलंही नाही. आर्या उठली आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "आई, टोपी!"

संपदानं मसाल्याच्या खणातून शॉवर कॅप आणून दिली. आर्याला आता स्टूल लागत नव्हतं, टाचा उंचावल्या की पुरत होतं. तिनं कॅप रोकमेल्डरवर चढवली, कडा नीट खोचली आणि यंत्र उचलून बाबाच्या हातात दिलं.

त्यानं देवघराकडे पाहून एकदा हात जोडले. मग सदऱ्याचं बटण पुन्हा लावलं आणि सावकाश श्वास घेतला. छताची बशी गप्प राहिली. औषध लागू पडेपर्यंत आर्या त्याच्याशेजारी बसली. मग तिनं हळूच, ओल्या केसांसकट, त्याला मिठी मारली. आधी डाव्या बाजूनं, मग उजवा हातही नेला.

"दुखलं?" तिनं विचारलं.

"हो," यतीन म्हणाला. "पण सोडू नकोस."