पडीक शेतातला वाटाणा

शेत पडीक ठेवायचं आणि त्याबद्दल सरकारने पैसे द्यायचे, हे म्हाताऱ्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. जन्मभर राबला तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि हातावर हात ठेवून बसल्यावर अनुदान! मुलगी दूर शहरात. ती फोनवर म्हणाली, बाबा, वय झालं, घ्या की पैसे आणि बसा निवांत. तो बसला. आजूबाजूचेही सगळे बसले. मग शेतांकडे कोणी फिरकेना. ज्या शेजाऱ्याशी बांधावरून वर्षानुवर्षं हमरीतुमरी चालायची, तोही मुलाकडे राहायला गेला. आता बांध हवा तेवढा कोरावा, पण भांडायला माणूस आणायचं कुठून?

वर्षातून एकदा तपासनीस बाई यायच्या, शेतात काही पेरलं नाही ना ते बघायला. त्या दिवशी म्हातारा दाढी करायचा, बायको गेल्यापासून उपडा पडलेला दुसरा कप विसळून ठेवायचा. बाई हद्दीने फेरी मारायच्या आणि तो सोबत चालत, कुठे काय पिकायचं ते सांगत राहायचा. बाई कागदावर 'पडीक' एवढंच लिहायच्या, पण ऐकून सगळं घ्यायच्या.

गेल्या खेपेला चहा पिताना त्या म्हणाल्या, की आता आकाशातून फोटो काढून तपासणी होणार. कोणाची तक्रार आली तरच माणूस येईल. म्हाताऱ्याने मनाशी खूणगाठ बांधली.

यंदा त्याने शेताच्या मधोमध वाटाण्याच्या थोड्या ओळी टाकल्या. वेल वर आले तसा कार्यालयात फोन लावला, आवाज घोगरा केला आणि स्वतःचीच चुगली केली. नाव विचारल्यावर खुशाल त्या भांडकुदळ शेजाऱ्याचं ठोकून दिलं.

बाई आल्या. वाटाण्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"काका, फोन मीच घेतला होता," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"हे मी लिहिलं तर अनुदान कायमचं बंद. खाणार काय तुम्ही?"

"लिहा, बाई. काढीन दिवस कसेतरी. पण फेरतपासणीला तुम्हीच याल ना?"

"अनुदानच नसलं तर तपासायचं काय? मग कोणीच येत नाही, काका."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो मटकन खाली बसला. आपण एकटे आहोत हे त्याला माहीत होतं. यापुढेही एकटेच राहणार, हे आत्ता कळलं.

बाईंनी फाईल बाजूला ठेवली, बाह्या सारल्या आणि वेल उपटायला वाकल्या. सगळं निघालं तर तक्रार खोटी ठरवता येईल, म्हणाल्या. म्हाताराही उठला. बायको गेल्यापासून या मातीत त्याच्या शेजारी कोणी वाकलं नव्हतं.

बाईंना बस गाठायची होती, त्यांचा हात झपझप चालत होता. म्हाताऱ्याचा हात मात्र मंदावत गेला. शेवटच्या ओळीत तर तो एकेका वेलाची माती झटकून, नीट रचून ठेवू लागला. बाईंनी घड्याळ पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या तिथेच ढेकळांवर बसल्या.

"काका, इथे आधी काय पिकायचं?"

त्यांनी ते दर वर्षी ऐकलं होतं. म्हातारा सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याला रडू आलं.