चिठ्ठीवरची बाई

धनसिंगची थोरली दोंडाईच्याला दिली, त्याच १९९८ सालच्या पावसाळ्यात देवचंद आबांनी सावद्याच्या फळविक्री संस्थेत काठीचं टोक कॉम्प्युटरच्या काचेवर टेकवलं.

"ही कुठी गेली?"

खुर्चीतला रुपचंद दचकला. तो जळगावच्या कंपनीचा माणूस, कॉम्प्युटर बसवायला आलेला.

"कोण, आबा?"

"याची माय."

रुपचंदला ती शिवी वाटली. त्याने मागे उभ्या धनसिंगकडे पाहिलं. धनसिंग आबांचा एकुलता एक मुलगा आणि संस्थेचा चेअरमन. त्याने खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं.

"ते जुनं चित्र काढलं, आबा. तुमचा फोटो लावलाय. पाहा तरी."

आबांनी पाहिलं. पानाच्या माथ्यावर केशरी पट्टा होता. कोपऱ्यात नातीच्या लग्नातला त्यांचा फोटो: डोक्याला फेटा, कपाळाला टिळा, भोवती जाड काळी चौकट. खाली अक्षरं. आबा चाळिशीनंतर अक्षरं शिकले होते, त्यामुळे वाचताना बोट लागायचं आणि आवाजही व्हायचा. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरात चेअरमनचं नाव होतं, तेही वाचलं. मग बोट फोटोच्या कडेला नेलं. तिथे खांद्याजवळ हिरव्या रंगाची एक चिंधी दिसत होती.

"ही किनार कोनाची?"

धनसिंगने खिशातलं पेन पुन्हा काढलं.

"लग्नात ती माह्याजोडी उभी होती. तिले कापलं तू."

"फोटो चौकोनात बसवायचा म्हणजे बाजूचं कापावं लागतं, आबा," रुपचंद घाईने म्हणाला. "आणि वर एकच चित्र बसतं. या पानावर आपण जे ठेवू, तेच टेलिफोनच्या तारेवरून यावलच्या ऑफिसातही दिसेल. तिथल्या चिठ्ठीवरही तेच छापून येईल. आता नुसतं बटण दाबायचं राहिलंय."

"दाबू नको."

"दाबा," धनसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आबा, दिल्लीचे व्यापारी येतात इथे. डोक्यावर केळीचा घड घेतलेली मजूर बाई पाहून हसतात. मला विचारतात, ही कोण? काय सांगू?"

"माय आहे, असं सांग. तोंडाले काय फोड आले का तुह्या?"

रुपचंदने बटण दाबलं. आबांनी काठी टेबलावर इतक्या जोरात मारली की चहाचा कप खाली पडला.

तीस वर्षांपूर्वी संस्था निघाली तेव्हा केळी कापणाऱ्यांना वाचता येत नव्हतं, वाहणाऱ्यांना येत नव्हतं, आणि संस्थापक म्हणून ज्यांचा अंगठा लागला त्या आबांनाही येत नव्हतं. म्हणून पेंटरला सांगितलं, नाव राहू दे, आधी चित्र काढ. काय काढू, असं त्याने विचारलं तेव्हा आबांची बायको रुक्माबाई चुंबळीवर घड घेऊन फाटकातून आत येत होत्या. त्याने त्यांनाच काढलं. तेव्हापासून पाटीवर, शिक्क्यावर, चिठ्ठीवर त्याच. सकाळी मजूर बायकांच्या टोळीला कामाची चिठ्ठी मिळायची. ती कमरेला खोचायची आणि दाखवून ट्रकमध्ये बसायचं. दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्याही बाजारात फिरायच्या, पण यावलपर्यंतच्या बायका म्हणायच्या, बाईची चिठ्ठी आहे, चला.

आबा घरी आले तेव्हा रुक्माबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"कोनाले मारून आले?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं." आबांनी काठी भिंतीकडे फेकली. "तुले काढलं त्यानं. घड घेतलेली बाई नको म्हणे. लाज वाटते."

रुक्माबाईंनी एक शेंग फोडली.

"नाक मोठंच काढलं होतं त्या पेंटरनं," त्या म्हणाल्या.

पण दाणे त्यांनी केरात टाकले आणि टरफलं सुपात ठेवली.

दुसऱ्या दिवशी आबा मोरीत अंघोळ करत असताना दारात रडण्याचा गलका झाला. यावलच्या कुंदाबाईची अख्खी टोळी मिळेल त्या एस.टी.ने आली होती. कुंदाबाईने रुक्माबाईंच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"गेला वं अक्का, आपला आबा गेला! आम्हाले सांगितलं बी नही!"

"अवं, कोन गेलं?" रुक्माबाई म्हणत होत्या, पण त्या गलक्यात ऐकतं कोण. एका म्हातारीने पदराने त्यांचं कुंकू पुसलं. दुसरीने बांगड्यांसाठी मनगट धरलं.

"सोड तिचा हात!"

आबा ओल्या धोतरानिशी, हातात तांब्या घेऊन दारात उभे होते. अंगावरून पाणी गळत होतं.

म्हातारीने हात सोडला. कुंदाबाई उघड्या तोंडाने पाहत राहिली.

"कोन मेलं?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच ना," कुंदाबाई म्हणाली.

मागे एक तरणी बाई फसकन हसली आणि तोंडात पदर कोंबून गप्प झाली.

"सकाळी यावलच्या ऑफिसात कागद देला हातात," कुंदाबाई सांगू लागली. "वर तुमचा फोटो. फेटा, टिळा, काळी चौकट. मयताच्या गंधमुक्तीच्या पत्रिकेले दुसरं काय असतं? आम्ही का वाचतो, आबा? मयताचा कागद घरात नेत नही, कमरेले खोचत नही. तिथीच फाडला. आम्हीच नही, बठ्ठ्या टोळ्यांनी फाडला. तुमच्या दुःखात काम कसं करू म्हनून इळे ठेवून देले."

तेवढ्यात धनसिंगची मोटारसायकल आली. तो गाडीवरूनच ओरडला.

"काय लावलंय हे? तिकडे कालचा माल कापून पडलाय, ट्रक उभे आहेत, आणि तुम्ही—"

त्याला आईचं कपाळ दिसलं. त्याने गाडी बंद केली.

कोणीतरी आतून कुंकवाची डबी आणली. कुंदाबाई पाया पडली. "अक्का, लावून घ्या. आमचं चुकलं. घरधनी समोर उभा आहे, अपशकुन नका करू."

रुक्माबाईंनी डबी बाजूला सारली.

"तुमचं नही चुकलं. मी अशीच बसते. पाहू दे त्याले, बापाचा फोटो कसा दिसतो तो."

"आई, लाव ना."

"आधी चिठ्ठी."

धनसिंग उभा राहिला. आबा त्याच्याकडे पाहत होते. शेवटी त्याने कुंदाबाईपुढे हात केला. तिने कमरेच्या पिशवीतून आदल्या दिवशीची घडी पडलेली चिठ्ठी काढली, पण त्याच्या हातात दिली नाही. आबांच्या हातात दिली. आबांनी ती ओट्यावर ठेवली आणि धनसिंगला वाकून उचलावी लागली.

दुपारी रुपचंदने त्या चिठ्ठीवरून चित्र उतरवलं. पानाच्या कोपऱ्यात ते नखाएवढं बसलं. घड दिसत होता, चुंबळ दिसत होती, तोंड कळत नव्हतं. संध्याकाळी रुक्माबाईंनी कुंकू लावलं. धनसिंगने माफी मागितली नाही. आबा त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत, ना दिवाळीत, ना संक्रांतीला. ताट समोर आलं की नुसती मान हलवायची.

पुढच्या वर्षी गंधमुक्तीची पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा छापखानेवाल्याने फोटो मागितला. धनसिंगने सगळ्या पेट्या उपसल्या. कुठल्याही फोटोत आईचं तोंड धड नव्हतं. कुठे पदर आडवा, कुठे मान वळलेली. त्याने खिशातून संस्थेची चिठ्ठी काढली आणि छापखान्याच्या टेबलावर ठेवली.

यावलचा गठ्ठा ट्रक ड्रायव्हरबरोबर गेला. कुंदाबाई तेव्हा सावद्यालाच होती, त्यामुळे तिकडे कागद कशाचा ते सांगणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यावलच्या कारकुनाचा घरी फोन आला. धनसिंगने तो घेतला, ऐकलं, आणि रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय म्हनतो तो?" आबांनी विचारलं.

गेल्या पावसाळ्यापासून ते मुलाला पहिल्यांदाच काही विचारत होते.

"बायांनी पत्रिका फाडल्या नाहीत," धनसिंग म्हणाला. "कमरेला खोचून फाटकात रांगेत उभ्या आहेत. ट्रक कुठला, असं विचारताहेत."

आबांनी डोक्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला.

"मंग सांग त्याले. ट्रक लाव म्हना."

रुक्माबाई १९९९ सालच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी सावद्यात वारल्या.