लग्नाची सीडी

लिंबायतच्या आमच्या गल्लीत कॅसेटचा व्हीसीपी लावायचा तर छायालाच बोलवायचे. अँटेनाची वायर काढायची, व्हीसीपीची घालायची, मग टीव्हीवर रिकामा चॅनल शोधत चित्र पकडायचं. गल्लीतल्या बायका कौतुकानं बघत राहायच्या. नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, दिवसभर घरात साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम. त्यात एवढाच काय तो छायाचा मान.

अठ्ठ्याण्णव साली धाकटा दीर कुंदन याचं लग्न झालं आणि हर्षदा घरात आली. तिच्या मामानं व्हीसीडी प्लेयर दिला होता. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरी. टीव्हीला मागं भोकं दोनच. छाया विचारात पडली. हर्षदानं माहितीपुस्तक वाचलं, पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची म्हणून लावली, लाल तशीच लोंबती ठेवली आणि रिमोटवर एव्ही दाबलं. चित्र काचेसारखं स्वच्छ आलं.

"बाई, ही तर तुझ्याहून हुशार निघाली," शेजारची म्हणाली. छाया हसली. पण त्या दिवसापासून बायका दारातून "हर्षदा आहे का?" असं विचारू लागल्या. ते छायाला सहन होईना.

एकदा पुसताना प्लेयरच्या मागचं एक बारीक बटण तिच्या बोटानं सरकलं. एका बाजूला इंग्रजीत पीएएल लिहिलेलं, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत, दुसऱ्या बाजूला एनटीएससी, म्हणजे परदेशातली. लावून बघितलं तर रंग गायब, चित्र वरखाली पळतंय. तिनं बटण परत जागेवर नेलं. रंग आले. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी हर्षदाची आई रुक्मिणीबाई अमळनेरहून आल्या. लग्नाच्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या. लेकीचं लग्न त्यांनी पाहिलंच नव्हतं. आता लग्नाच्या सीडीवर बघणार होत्या. गल्लीतल्या बायका सकाळपासून दारापाशी हर्षदाभोवती गोळा. छायाला चहा करायला सांगितलं होतं. चहा उकळेपर्यंत ती टीव्हीपाशी गेली, पुसायचं निमित्त केलं आणि बटण सरकवलं.

सीडी लागली. काळंपांढरं चित्र, तेही थरथरतं. हर्षदानं वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा घातल्या.

"सीडीच्या दुकानवाल्यानं बनवलं आपल्याला. आत्ता जाऊन बघतो त्याच्याकडे," कुंदन चप्पल घालू लागला.

बायका चुळबुळल्या. छायाला आधी बरं वाटलं, अगदी छातीत गार वाटलं. तेवढ्यात रुक्मिणीबाई पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "राहू दे रे. दिसतंय की. हर्षू, शालू कोणत्या रंगाचा होता गं तुझा?"

"डाळिंबी, आई," हर्षदा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

छायानं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"कुंदनभाऊ, थांबा. दुकानवाल्याची चूक नाही." ती प्लेयरमागं वाकली. बटण सरकलं. पडद्यावर डाळिंबी शालू उमटला, हळद उमटली. रुक्मिणीबाई तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या.

स्वयंपाकघरात हर्षदानं तिला गाठलं. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच फिरवलं होतं."

"का?"

"आधी सगळ्या मलाच विचारायच्या," छाया म्हणाली. दुसरं कारण तिच्यापाशी नव्हतं.

हर्षदा आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. छायानंही मनधरणी केली नाही. भाकरी थापून ठेवायची आणि बाजूला व्हायची. नवव्या दिवशी शेजारणीनं घरी आणलेल्या नव्या प्लेयरसाठी हर्षदाला हाक मारली. ती पदर खोचत निघाली, दारात थांबली.

"चला ताई," ती मान न वळवता म्हणाली. "त्यांचा टीव्ही जुना आहे, मागं अँटेनाचं एकच भोक. त्यातलं मला कळत नाही."

छायानं हात धुतले.