मगरीच्या पोटात

रिओच्या सांबाड्रोममध्ये, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर, उजाडायला आलं होतं. स्पर्धेतल्या शेवटच्या सांबा-शाळेचा, म्हणजे तिच्या वस्तीच्या नाच-पथकाचा, तिसरा चित्ररथ एदिनेया चालवत होती. चालवत कसली, कागदाच्या लगद्याच्या भल्यामोठ्या मगरीच्या पोटात आंधळ्यासारखी बसली होती. समोर हातभर फट, तिच्यातून नुसती नाचणाऱ्यांची पिसं दिसायची. बावीस वर्षं तिने ट्रक हाकला होता, पण ट्रकला निदान काच असते. इथे तिचे डोळे म्हणजे चित्ररथापुढे उलटा चालणारा तिचा दीर, जुवेनाल. त्याचा आवाज तेवढा तिच्या कानातल्या यंत्रात यायचा.

"वहिनी, जरा डावीकडे. बास! आता हाला की, मगर आहे ती, गोगलगाय नाही!"

ढोलांचा ताफा जवळ आला आणि तो आवाज थांबला.

"भावजी? ओ भावजी!"

कानात नुसती खरखर. एदिनेयाच्या पाठीवरून घाम ओघळला. तिने ब्रेक दाबला.

मागून लोखंडावर थापा पडल्या. चित्ररथ ढकलणाऱ्यांचा म्होरक्या वाल्दिर ओरडत होता, "ए बाई, चल! पुढे रांगेत खिंडार पडलंय, गुण जातील!"

"मला दिसत नाहीये!"

"बघायचंय काय त्यात? रस्ता सरळ आहे! आठ महिने अख्खी वस्ती राबलीये, तू एकटी बुडवणार का?"

तिने पाय सैल केला. ब्रेक जरा सुटला, मगर वीतभर पुढे सरकली. तिने पुन्हा ब्रेक दाबला, दोन्ही पायांनी.

"कुणीतरी पुढे जाऊन बघा. तोवर मी हलणार नाही!"

शिव्या घालतच वाल्दिर पुढे गेला. क्षणभराने त्याची किंकाळी आली, "एदिनेया! पाय काढू नकोस! आईशप्पथ, काढू नकोस!"

उकाड्याने भोवळ येऊन जुवेनाल मगरीच्या जबड्याखाली पडला होता. चाक त्याच्या बरगडीपासून चार बोटांवर होतं.

त्याला उचलून नेलं. उरलेला रस्ता वाल्दिर पुढे चालला. "सरळ... सरळ ये, ताई," एवढंच तो म्हणत राहिला. रस्ता संपला तेव्हा एदिनेयाला उठताच येईना. दोघांनी धरून बाहेर काढलं.

त्या खिंडारापायी गुण गेले आणि शाळा खालच्या गटात घसरली. वस्तीत कितीतरी जणांनी तिच्याशी बोलणं टाकलं. वाल्दिर मात्र तिच्या बाजूने भांडत फिरला.

दवाखान्यात जुवेनालने विचारलं, "वहिनी, मी पडलोय हे तुम्हाला कळलं कसं?"

"कळलं कुठे?" ती म्हणाली. "भीती वाटली, एवढंच."