पायांची कडी

पडद्यांच्या दुकानात ती कापड कापायची. एका दुपारी भिंतीला उभे केलेले जाडजूड तागे घसरले आणि ती त्यांच्याखाली सापडली. हाडबीड मोडलं नाही, पण लोकांनी तागे उपसेपर्यंत छातीवर बसलेलं ते वजन मनातून जाईना. लिफ्टमध्ये माणसं जरा जास्त शिरली तरी तिचा श्वास कोंडे. झोपेत नवऱ्याचा हात अंगावर पडला तरी ती दचकून उठून बसे.

तिची धाकटी नणंद जुजुत्सू, म्हणजे जपानी पद्धतीची कुस्ती शिकवायची. वजनाखाली राहायची सवय झाली की धास्ती जाईल, असं म्हणत तिने वहिनीला हाताला धरून वर्गात नेलं. नवरा म्हणाला, झालं, आता घरात भांडायचीही सोय राहिली नाही.

वर्ग म्हणजे गॅरेजच्या माथ्यावरची लांबट खोली, खाली निळ्या गाद्या. पाठीवर पडून समोरच्याला पायांनी अडवायचं, याला गार्ड म्हणत. त्यातला पहिला प्रकार तिला मानवला. समोरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालून घोट्यांची कडी लावायची, बस. पण एकदा लावलेली कडी ती सोडेचना. नणंद सांगून दमली. कडी तुटण्याआधी स्वतःच सोड. पायांचे तळवे त्याच्या कमरेवर रोव. तो बाजूने शिरला तर त्याचा एक पाय आपल्या दोन पायांत धर, मध्ये गुडघा घाल, फट मिळाली की पुढची पकड घे. थांबलीस की संपलीस. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण कडी सोडायची वेळ आली की ती घोटे आणखीच आवळे.

त्या दिवशी तिच्या वाट्याला कपाट आला. लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा हा गडी दारातून तिरका आत यायचा, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. स्वभावाने गरीब गाय. जड वाटलं तर सांगा, असं तो आधीच म्हणाला होता.

त्याने उठता उठता तिची कडी सहज उकलली. तिने तळवे रोवले, ते निसटले. तो बाजूने खाली आला. तिने त्याचा पाय पकडला, गुडघा मध्ये घातला, पण त्याची छाती तिच्या तोंडावर आली आणि तिला पुन्हा कापडाचा वास आला. पुढचं तिला नीट कळलं नाही. गुडघा वर गेला, पाय त्याच्या खांद्यावरून मानेमागे पडला, दुसऱ्या गुडघ्याखाली घोटा अडकला आणि त्याची मान व एक हात मांड्यांच्या चापात सापडले. तिने डोळे मिटून आवळलं. मांडीवर काहीतरी थपथपत होतं. तिच्या कानांत नुसतं घूं घूं चाललं होतं.

मग थपथपणं थांबलं आणि सगळं वजन सैल होऊन तिच्यावर आलं.

तिने डोळे उघडले. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. नणंद खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी होती. हाक मारायला तिच्या तोंडून आवाज फुटेना. तिने पाय सोडले. कंबर सरकवली, गुडघा मध्ये घुसवला, फट झाली तशी पुन्हा सरकली, आणि त्याला कुशीवर लोटून बाहेर आली. "मी मारलं याला," एवढंच ती कसंबसं बोलली.

नणंद धावत आली तोवर त्याने घोरल्यासारखा श्वास घेतला. डोळे किलकिले करून त्याने विचारलं, "घरी आहे का मी?"

ती मात्र घरी पोचल्यावरही आपल्या पायांकडेच बघत होती. तागे तर निर्जीव होते, इथे तिच्याच पायांनी जिवंत माणूस विझवला होता. मी पुन्हा येणार नाही, असं तिने सांगून टाकलं. नणंदेने समजूत घातली नाही. "वहिनी, तो सोड म्हणून थोपटत होता. तू भीतीत बहिरी झाली होतीस. तेवढंच शिकायचं राहिलंय."

पुढच्या आठवड्यात ती गेली. कपाट मानेला शेक घेऊन आला होता. तिने माफी मागितली. तो म्हणाला, "खरं सांगू? मलाही आज भीती वाटतेय. पण दुसऱ्या कुणाबरोबर खेळलो तर ती जायची नाही."

ती पाठीवर पडली. तो गुडघ्यांवर आला, नेहमीपेक्षा हळू. छातीवर वजन आलं. या वेळी तिने डोळे उघडे ठेवले, घोट्यांची कडी आपणहून सोडली आणि त्याच्या हाताकडे लक्ष ठेवून पाय पुढच्या जागी नेला.